पाणी पेटवण्याची रीत

हर्णैच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळीला
लाद्यांचा हिशेब साडेअकरापर्यंत आटोपतो.
मग कंप्रेसरची घरघर,
नाकात मुरलेला अमोनिया,
आणि मालकांच्या मुलाने टाकून दिलेला कॉम्प्युटर,
ज्याचं एंटर नखाने दाबावं लागतं.

त्यावर मी एक समुद्र केलाय.
दोनशे छप्पन चौकोन लांब, तेवढाच रुंद.
मधोमध किल्ला, खिडकीतून दिसतो तसा.
पश्चिमेचा तट तेवढा राहिलाय,
तो इथून दिसत नाही.

गलबतं तयार होती, तोफा तयार.
शत्रूने रात्री कुठून यायचं तेही शिकवून झालं होतं.
मला एवढंच हवं होतं
की वल्ह्याखाली पाणी पेटावं,
डिसेंबरात पाजपंढरीकडे पेटतं तसं,
निळं, क्षणभर,
आणि मग काही घडलंच नाही असं.

एडिटरमध्ये पेटतं पाणी मिळत नाही.
मिळतो पुजाऱ्याचा मंत्र, जखमी शिपाई उठवणारा.
त्याचा निळा झोत मी घेतला,
पंधरा टक्क्यांवर आणला,
आवाज काढला,
आडवा पाडला.
मंत्राचं पाणी झालं.

लाटेला साइन लागते.
दहावीला मी साइन ऑप्शनला टाकली होती.
मी अंश दिले, त्याला हवे होते रेडियन.
निळे ठिपके बुरुजावर चढले, माडांवर चढले,
एक बसला चरणाऱ्या बैलाच्या पाठीवर;
बैल निघून गेला,
ठिपका तिथेच, हवेत.

तीन रात्री एका न मिटलेल्या कंसात गेल्या.

चौथ्या रात्री लूप लावला,
सेकंदाच्या दर दहाव्या भागाला, अख्ख्या समुद्रभर.
चाळीस सेकंद असं काही दिसलं
की मी खुर्चीवरून उठले.
एकेचाळिसाव्याला गलबतं अडखळली,
मग माउस,
मग सगळंच गोठलं,
साच्यात पाणी गोठतं तसं, कडेकडून आत.

हिराजी चोगले मागे चहा घेऊन उभे.
चाळीस वर्षं तांडेल,
आता गुडघ्यांपायी आमचे वॉचमन.
"ह्यो समिंदर हाय का लग्नाचा मांडव?"
मी म्हटलं, पाणी पेटलंय.
त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला.
"पानी आपनहून पेटत नाय, पोरी.
कुनीतरी ढवलाया लागतं.
आनि आमाला तं नकोच वाटायचं त्ये.
जालं दिसतात. मासली सावध व्हते."
बशी तिथेच ठेवून ते बाकड्यावर गेले.

लूप पुसला.
घटना: वल्हं पाण्यात.
अट: खाली खरंच पाणी आहे, पुळण नाही.
कृती: एक ठिपका. थांब, अर्धा सेकंद.
आणि शेवटची ओळ, जी मी आजवर कधी लिहिलीच नव्हती:
नष्ट कर.
विझलेला ठिपका जात नाही, नुसता दिसेनासा होतो,
जागा अडवून बसतो, हजारोंनी.
समुद्राला हे कुणी सांगावं लागत नाही.
मला लागतं. दर ठिपक्यामागे.

पहाटे तीनला पहिलं गलबत नीट चाललं.
मागे निळी रेघ, वेड्यावाकड्या टाक्यांची,
शिकाऊ हाताने उसवलेल्या जाळ्यासारखी.
मी बराच वेळ त्याला उगाच फिरवत बसले.

मग शत्रू आला.
आणि पहिल्यांदाच मला तो लांबून दिसला,
स्वतःच्याच वल्ह्यांनी पेटवत आलेला,
अकरा होड्या.
इतक्या मेहनतीने केलेला हल्ला
मीच फोडला होता.

म्हणून आता त्यांना शिकवतेय
बुरूज जवळ आला की वल्ही उचलायला,
ओहोटीवर नुसतं वाहत यायला, काळोखात.
पण ओढ कुठून कुठे जाते
हे कुठल्या मेनूत नाही.

बाहेर टेम्पो लागला. साठ लाद्या, चुरा करून.
मी फाइल सेव्ह केली, दोनदा, नखाने.
बाकड्यावर चोगले जागेच होते.
विचारलं,
किल्ल्याच्या पश्चिमेला पाणी कसं आहे?